रायगडच्या किनारपट्टीवरील मोटारगाडीसाठी कॉइलओव्हरची निवड : एक शास्त्रीय व व्यावहारिक विवेचन

प्रस्तावना

मोटारगाडीचे मूळ निलंबन काढून त्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा 'कॉइलओव्हर' संच बसवून घेण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. पनवेल-पेण-अलिबाग परिसरातील रस्त्यांवरही जमिनीलगत आलेल्या, वळणावर न झुकणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. असे संच बहुतांशी जपान, जर्मनी, तैवान अशा देशांत तयार होतात आणि त्यांची रचना तेथील रस्ते व शर्यतीचे मार्ग डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र गाडीला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, खड्डे, उंच गतिरोधक, जेट्टीचे उतार आणि बारमाही खारी हवा यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे माहितीपत्रकातील गुणवर्णनावर विसंबून केलेली निवड येथे केवळ खर्चाची नव्हे, तर सुरक्षिततेचीही बाब ठरते.

प्रस्तुत लेखात कॉइलओव्हरच्या कार्यामागील तत्त्वे सोप्या आकडेमोडीच्या आधारे स्पष्ट करून, या प्रदेशात निवडीचा क्रम कसा असावा याचे विवेचन केले आहे. गाडी किती खाली आली, हा येथे शेवटचा प्रश्न होय. चाकाला वर-खाली हालण्यास किती वाव उरला आणि खाऱ्या हवेत संच किती काळ समायोज्य राहील, हे पहिले दोन प्रश्न होत.

निलंबनाचे कार्य व कॉइलओव्हरची रचना

निलंबनाची प्रमुख कार्ये दोन : प्रवाशांना रस्त्याच्या धक्क्यांपासून वाचवणे आणि टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे. पहिले कार्य सुखाचे, दुसरे जिवाचे. टायर रस्त्यापासून सुटला की ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात.

ही कार्ये दोन घटक मिळून करतात. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते व परत देते. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच डँपर, ती ऊर्जा तेलातील घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतरित करून दोलन शमवतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागील चाकांवर पोलादी पाटे असत. ट्रक व मालवाहू गाड्यांना आजही ते असतात. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे पुढील चाकांचा 'मॅकफर्सन स्ट्रट' भारतात घरोघरी पोहोचला. फोर्ड कंपनीतील अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत स्प्रिंग डँपरभोवतीच बसवलेली असते.

या अर्थाने बहुतेक गाड्यांच्या पुढील बाजूस स्प्रिंग आणि डँपर एकत्रच असतात. बाजारात ज्याला कॉइलओव्हर म्हणतात त्याचे वेगळेपण असे की, डँपरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर फिरवून वर-खाली करता येते. काही संचांत डँपरच्या माथ्यावर अवमंदन कमी-अधिक करण्याची कळही असते. लहान व मध्यम गाड्यांच्या मागील बाजूस सामान्यतः वळणारा आडवा तुळईवजा धुरा असून त्यावर स्प्रिंग व डँपर वेगवेगळ्या जागी असतात. अशा गाडीच्या संचात मागच्या बाजूस समायोज्य बैठकीची स्वतंत्र स्प्रिंग आणि वेगळा डँपर येतो. संच खरेदी करताना ही बाब ध्यानात ठेवावी.

स्प्रिंगचा ताठपणा : एक साधे गणित

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती प्रतिकार करते, हा रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली मांडलेला नियम. एक मिलिमीटर दाबण्यास किती किलोग्रॅम भार लागतो, यावरून स्प्रिंगचा ताठपणा सांगतात.

एखाद्या लहान गाडीच्या पुढील एका चाकावर निलंबनाने पेललेला भार २८० किलोग्रॅम आहे, असे उदाहरणादाखल मानू. स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला १.९ किलोग्रॅम असल्यास ती स्वतःच्या भाराखाली सुमारे १४.७ सेंटिमीटर दबेल. गाडीच्या दोलनाची नैसर्गिक वारंवारिता काढण्याचे सोपे सूत्र असे : ५ या संख्येला, सेंटिमीटरमधील दाबाच्या वर्गमुळाने भागावे. येथे उत्तर १.३ हर्ट्‌झ येते, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा दोलने. आरामदायी घरगुती गाडीची वारंवारिता याच्याच आसपास असते.

आता त्याच चाकावर मिलिमीटरला ५ किलोग्रॅम ताठपणाची स्प्रिंग बसवली, तर ती केवळ ५.६ सेंटिमीटर दबेल आणि वारंवारिता २.१ हर्ट्‌झवर जाईल. हा फरक कागदावर लहान वाटतो. पाठीच्या कण्याला तो तसा वाटत नाही. मानवी शरीर उभ्या दिशेतील साधारण ४ ते ८ हर्ट्‌झच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. अवमंदन क्षणभर बाजूला ठेवून हिशेब केला, तर रस्त्यावरील ५ हर्ट्‌झच्या कंपनाचा पहिल्या गाडीत सुमारे ७ टक्के भाग आसनापर्यंत पोहोचतो, दुसऱ्या गाडीत सुमारे २२ टक्के. म्हणजेच त्याच खडबडीत रस्त्यावर कंपन तिपटीने वाढते. महाविद्यालयाच्या नोकरीनिमित्त पेणहून अलिबागला किंवा माणगावहून महाडला रोज ये-जा करणाऱ्या व्यक्तीने या तिपटीचा विचार वर्षभराच्या फेऱ्यांच्या संदर्भात करावा.

येथे एका प्रचलित गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. बैठक वर फिरवून स्प्रिंग 'आवळली' की ती ताठ होते, असे गॅरेजमध्ये अनेकदा सांगितले जाते. समान वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या बाबतीत ते खरे नाही. बैठक फिरवल्याने गाडीची उंची बदलते. ताठपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास व वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. ताठपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

अवमंदन : जोडी जमली पाहिजे

केवळ ताठ स्प्रिंग घालून मूळ डँपर तसाच ठेवणे हा स्वस्त वाटणारा, परंतु धोकादायक मार्ग आहे. दोलन शमवण्यासाठी लागणारे अवमंदन ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात ताठपणा १.९ वरून ५ वर गेला, म्हणजे डँपरचा जोर सुमारे १.६ पट हवा. तो न वाढल्यास खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहते आणि पावसाळी रस्त्यावर पकड सुटते.

डँपरचे मुख्य प्रकार दोन. एकनळी डँपरमध्ये तेल आणि उच्च दाबाचा वायू एकाच नळीत, तरत्या दट्ट्याने विभागलेले असतात. त्यातील तेल लवकर थंड होते आणि दीर्घकाळ धक्के बसले तरी त्याचे काम एकसारखे राहते. परंतु बाहेरील नळीतच मुख्य दट्ट्या फिरत असल्याने दगड लागून पोचा पडला की डँपर अडकतो. दुनळी डँपरमध्ये कार्यकारी नळी आतल्या बाजूस सुरक्षित असते, वायूचा दाब कमी असल्याने तेलरोधकावर ताण कमी येतो आणि तेवढ्याच लांबीत दट्ट्याला अधिक चाल मिळू शकते. घाटात सलग वेगाने गाडी हाकणाऱ्यास एकनळीचा लाभ होईल. खडी आणि खड्ड्यांतून संथपणे रोजचा प्रवास करणाऱ्यास उत्तम प्रतीचा दुनळी डँपर अधिक मानवतो.

उरलेला वाव : गणपतीच्या प्रवासाचे गणित

या प्रदेशात निवडीचा निर्णायक निकष कोणता, हे गणेशोत्सवाच्या प्रवासाच्या उदाहरणावरून उत्तम रीतीने कळते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. भाद्रपदात, पाऊस संपण्यापूर्वी, याच मार्गाने चाकरमानी माणसांनी व सामानाने भरलेल्या गाड्या घेऊन कोकणात उतरतात.

गाडीत एकटा चालक असताना मागील चाकाला वर जाण्यास बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे रबरी धक्कारोधकापर्यंत, ८० मिलिमीटर वाव आहे असे मानू. मागील आसनावरील माणसे व सामान मिळून मागील धुऱ्यावर १५० किलोग्रॅम वाढले, म्हणजे प्रत्येक चाकावर ७५. चाकाशी मोजलेला ताठपणा मिलिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर गाडी ३७.५ मिलिमीटर बसेल आणि ४२.५ मिलिमीटर वाव उरेल. हीच गाडी बैठक खाली घेऊन आधीच ३० मिलिमीटर उतरवली असेल, तर केवळ १२.५ मिलिमीटर वाव शिल्लक राहील. ताठपणा वाढवून ३ किलोग्रॅम केला, तरी उरणारा वाव २५ मिलिमीटरच.

वाव संपल्यावर निलंबन हे निलंबन राहत नाही. चाक बंप स्टॉपवर आदळते, त्या कोपऱ्याचा ताठपणा एकाएकी अनेक पटींनी वाढतो, आणि हे ओल्या वळणावर घडले तर मागची बाजू घसरते. वारंवार आदळल्याने डँपरचा वरचा जोड, बॉडीची बैठक आणि टायर यांचीही हानी होते. रिकाम्या गाडीत केलेली चाचणी फेरी यातले काहीच दाखवत नाही.

काही संचांत डँपरचा खालचा कंसही आट्यांवर फिरतो आणि संपूर्ण स्ट्रटची लांबी कमी-जास्त करता येते. त्यामुळे उंची बदलूनही दट्ट्याची चाल कायम राहते. ही रचना निश्चितच श्रेष्ठ आहे. परंतु चाल कायम राहिली तरी टायर आणि मडगार्ड यांमधील अंतर घटतेच. चाकावरचा प्रत्यक्ष वाव मोजल्याविना हा गुण पदरात पडत नाही.

मॅकफर्सन स्ट्रटच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. गाडी फार खाली घेतल्यास चाकाचा खालचा दांडा बाहेरच्या टोकाशी वर उचलला जातो. परिणामी गाडीचे झुकण्याचे केंद्र तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकते आणि झुकवणारी तरफ लांबते. म्हणजे वळणावर झुकू नये म्हणून उतरवलेली गाडी, केवळ उतरवल्यामुळे, अधिक झुकण्याकडे कलते आणि ती उणीव पुन्हा ताठ स्प्रिंगने भरून काढावी लागते.

गतिरोधक आणि जेट्टीचा उतार

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी प्रत्यक्षात आढळणारे गतिरोधक पुष्कळदा याहून अरुंद व उभे असतात. त्यात किनाऱ्याच्या प्रवासात जेट्टीची भर पडते. आगरदांडा ते दिघी किंवा बागमांडला ते वेश्वी असा खाडीप्रवास गाडीसह फेरीबोटीने करता येतो. मांडवा ते मुंबईतील भाऊचा धक्का ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. खाडीवरील जेट्टीच्या उतारावर बोटीचे फळकुट टेकते तेव्हा दोहोंमधील कोन भरती-ओहोटीनुसार बदलतो. सकाळी सहज चढलेली गाडी संध्याकाळी पोटावर घासू शकते.

याचेही गणित मांडता येते. पुढील व मागील चाकांमधील अंतर २४५० मिलिमीटर आणि पोटाखालील मोकळी उंची १७० मिलिमीटर असेल, तर गाडी सुमारे १५.८ अंशांचा उंचवटा न घासता ओलांडू शकते. उंची ४० मिलिमीटरने कमी केल्यास हा कोन १२.१ अंशांवर येतो. भरलेल्या गाडीत तो आणखी घटतो. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या वाटेने नेहमी जाणाऱ्याने मूळ उंचीत १५ मिलिमीटरपेक्षा अधिक घट करू नये. शक्य तर ती मुळीच करू नये.

खारी हवा आणि धातू

कॉइलओव्हरचा मुख्य गुण म्हणजे समायोजन, आणि ज्या आट्यांवर हा गुण अवलंबून असतो तेच खाऱ्या हवेपुढे सर्वांत दुबळे ठरतात. पोलादी नळीवर ॲल्युमिनियमची कडी ही जोडी अनेक संचांत आढळते. खारट ओलाव्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तीत ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून कडी जाम होते. अशी कडी पान्याने फिरवू जाता आटेच तुटतात. ज्या संचाची उंची दोन पावसाळ्यांनंतर बदलता येत नाही, त्याच्या समायोजनासाठी मोजलेले पैसे वाया गेले असेच म्हटले पाहिजे.

दट्ट्याच्या दांड्यावरील क्रोमचा मुलामा चकचकीत दिसला तरी त्यात सूक्ष्म भेगा असतात. क्लोराइड त्यांतून खालच्या पोलादापर्यंत पोहोचते, बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक हालचालीत ते खड्डे तेलरोधकाला कानशीसारखे घासतात. पुढे तेल गळू लागते. काशीद, नागाव, किहीम येथील वाळूवर गाडी नेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. ओली वाळू व समुद्राचे पाणी ही या दांड्याची थेट शत्रू होत.

गंजरोधक लेपाची कसोटी म्हणून ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे तुषार ३५ अंश सेल्सिअस तापमानात उडवण्याची प्रमाणित चाचणी वापरतात. ती किती तास यशस्वीपणे पार पडली, हे विक्रेत्यास विचारावे. प्रयोगशाळेतील तासांचे प्रत्यक्षातील वर्षांत थेट रूपांतर होत नाही, परंतु दोन संचांची तुलना त्यावरून करता येते.

वरच्या जोडाबाबतही विवेक हवा. शर्यतीच्या संचांत रबराऐवजी धातूचा गोलाकार सांधा असतो. त्याने सुकाणूला नेमकेपणा येतो, परंतु त्यात वाळू व पाणी शिरून थोड्याच काळात खडखड सुरू होते. किनाऱ्यावरील रोजच्या वापरासाठी रबरी जोडच योग्य होय.

कायदा व विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात ठरवलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ च्या पोटकलम ४ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून संच विकत घेण्यापूर्वी पेण किंवा पनवेल येथील प्रादेशिक परिवहन यंत्रणेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर दावा नाकारला जाण्याची शक्यता संचाच्या किमतीहून कितीतरी महाग पडते.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचवता येतो :

१. प्रथम हेतू ठरवावा. मूळ डँपर निकामी झाले एवढेच कारण असेल, तर उत्पादकाच्या प्रमाणानुसार बनवलेले नवे स्ट्रट, वरचे रबरी जोड व बंप स्टॉप बदलणे पुरेसे असते. या किनाऱ्यावरील बहुसंख्य गाड्यांना याहून अधिक कशाची गरज नाही.

२. गाडी पूर्ण भरलेली असताना मागील व पुढील चाकाला उरणारा वाव मोजावा. तो ४० मिलिमीटरहून कमी होत असेल तर तो संच किंवा ती उंची नाकारावी.

३. ताठपणा आकड्यांत विचारावा. वरील उदाहरणातील गाडीस मिलिमीटरला २.२ ते २.९ किलोग्रॅम ताठपणाने १.४ ते १.६ हर्ट्‌झ वारंवारिता मिळते. सुख व स्थैर्य यांचा मेळ तेथे बसतो.

४. डँपर त्याच स्प्रिंगसाठी जुळवलेला आहे का, आणि तो येथेच दुरुस्त होऊन त्याचे तेलरोधक मिळतील का, हे पाहावे. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावा लागणारा डँपर रोजच्या गाडीस उपयोगाचा नाही.

५. नळी, कडी व दांडा यांचे धातू आणि लेप तपासावेत. रबरी जोड व आट्यांवरील धूळरोधक आवरण यांचा आग्रह धरावा.

६. बसवताना रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अंतिम आवळावेत, अन्यथा बुश कायम पिळलेले राहून फाटतात. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट व हेडलाइटची दिशा जुळवून घ्यावी.

७. पावसाळ्यापूर्वी व नंतर आटे गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, जाम-प्रतिबंधक वंगण लावावे व कडी थोडी फिरवून पूर्वस्थितीत आणावी.

समारोप

कॉइलओव्हर हे उपयुक्त साधन आहे; परंतु ते रस्त्याची प्रत बदलत नाही. गाडीची ताठपणा, अवमंदन व वाव यांच्यातील शिल्लक ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवते, इतकेच. गुळगुळीत रस्त्यावर वाव देऊन ताठपणा घेणे परवडते. रायगडच्या किनाऱ्यावर वाव हीच खरी शिल्लक आहे आणि ती भरलेल्या गाडीत, ओल्या वळणावर, सर्वाधिक गरजेच्या क्षणी खर्ची पडते. म्हणून उंची कमी करणाऱ्या संचापेक्षा वाव राखणारा, अनेक कळांच्या संचापेक्षा मोजक्याच पण न गंजणाऱ्या आट्यांचा, आणि ज्याचे सुटे भाग येथेच मिळतील असा संच निवडणे शास्त्राला व व्यवहाराला धरून होईल. तसा मिळत नसेल, तर मूळ निलंबन नव्या भागांनिशी पूर्ववत करून घेणे हाही एक पूर्ण व योग्य निर्णय होय.